हरकतींचा उन्हाळा

कडुलिंबाचा मोहोर गळायला लागला की फाटकापासून पायरीपर्यंत बारीक पांढरा चुरा पडतो. झाडून काढला तरी तासाभरात पुन्हा तेवढाच. पुंडलिकनगरात आम्ही राहायला आलो तेव्हा गल्लीभर कडुलिंब होते, आता दोन उरलेत. यंदा तो चुरा मी झाडलेला नाही. ते ह्यांचं काम होतं. सकाळी उठून हे आधी फाटकापर्यंत झाडू मारत आणि मग पेपर घेऊन पायरीवर बसत. ह्यांना जाऊन चार महिने झाले. घरात अजून दोन पेपर येतात, एक ह्यांचा, एक माझा. ह्यांचा बंद करायला सांगायचं रोज ठरवते आणि रोज राहून जातं.

गेल्या आठवड्यात त्या ह्यांच्या पेपरात, आतल्या पानावर, घरविक्री आणि नावातला बदल यांच्यामध्ये एक जाहीर सूचना आली. हे बातम्या नंतर वाचत, जाहीर सूचना आधी. "सरकारनं मोठ्या अक्षरात छापलं ते होऊन गेलेलं असतं," असं म्हणत, "बारीक अक्षरात छापलं ते व्हायचं असतं." म्हणून मीही चष्मा पुसून ती वाचली. बिडकीनच्या पुढं जे मध्यम धरण आहे, त्याच्या कालव्याची उन्हाळी पाळी, म्हणजे उन्हाळ्यात शेतीला सोडायचं पाणी, यापुढं कायमचं बंद करून ते उद्योगांसाठी राखून ठेवायचं, असा प्रस्ताव होता. ज्यांची हरकत असेल त्यांनी तीस दिवसांच्या आत लेखी कळवावं. वर दोन ओळींची प्रस्तावना होती. तिचं पहिलं वाक्य असं होतं: "पाऊस अनिश्चित असतो, म्हणून तर दिलेले पाणी निश्चित असावे लागते."

ते वाक्य माझं आहे. सरकारी माणसानं लिहिलेलं नाही, कुठल्या कंपनीच्या माणसानंही नाही. आमच्या जेवणाच्या टेबलावर, लाल पेननं, मी लिहिलेलं आहे.

दहा-बारा वर्षं झाली असतील त्या उन्हाळ्याला. तेव्हा शहराचं नाव औरंगाबाद होतं आणि नळाला किती दिवसांनी पाणी येईल यावर गल्लीत पैजा लागत. मला तो उन्हाळा आधी कानांत आठवतो. पाणी यायच्या आधी नळातून हवा यायची, एखाद्या म्हाताऱ्यानं घसा साफ करावा तशी. तो आवाज आला की घराघरांतून पिंपांची झाकणं वाजायची. मग आठवतो तो उन्हात तापलेल्या रबरी नळीचा वास. आणि टँकर. त्या वर्षी निवडणूक जवळ आली होती, त्यामुळे टँकर निळ्या रंगात रंगवलेले, अंगावर पुढाऱ्याचं हात जोडलेलं चित्र, आणि मागं, पाणी जिथून गळायचं तिथं, लहान अक्षरांत 'सौजन्य' आणि एका मोठ्या कंपनीचं नाव. मी तीस वर्षं कॉलेजात मराठी शिकवलं. सौजन्य म्हणजे काय हे मुलांना सांगताना मी शेजारधर्माची उदाहरणं द्यायची. त्या टँकरमागं बादली धरून उभी राहिले तेव्हा मला एवढंच वाटलं होतं की बरं झालं, कुणीतरी पाणी दिलं. धरणातून ते कुणाच्या वाटणीचं आलं, हे विचारायला मी रांग सोडली नाही.

त्याच उन्हाळ्यात एका दुपारी प्रशांत आला. हातात केशर आंब्यांची पेटी. पेटी खाली ठेवून वाकून नमस्कार केला.

"बाई, ओळखलं का? अकरावी ब. निबंधावरून तुम्ही मला वर्गाबाहेर उभं केलं होतं."

"तो निबंध गाइडमधला होता."

"बघा, आठवतंय की तुम्हाला." तो मनापासून हसला. चांगला मुलगा होता. अजूनही वाईट म्हणवत नाही. "टँकरवर नाव असतं ना, त्या कंपनीत आहे आता बाई, लायझनला."

"म्हणजे काय करतोस?"

"म्हणजे सरकारशी संवाद ठेवायचा."

संवाद या शब्दावर मी खूश झाले. नोकरीत गेलेले माझे विद्यार्थी मराठी शब्द विसरत, हा विसरला नव्हता. मग त्यानं बॅगेतून कागद काढले. मंत्रालयात द्यायचं निवेदन होतं, पाण्याच्या नियोजनाबद्दल. साहेबांनी इंग्रजीतून लिहिलं, ऑफिसातल्या पोरांनी मराठी केलं, आणि ते वाचवत नव्हतं. "बाई, जरा भाषा बघून द्या. तुमच्याशिवाय कुणाकडं जाणार?"

खरंच वाचवत नव्हतं. 'पाण्याची उपलब्धता ही एक चिंतेची बाब बनून राहिलेली असून' असं सुरू होऊन वाक्य पुढच्या पानावर जाऊन पडायचं. घाणेरडं मराठी मला दिसलं की माझा हात शिवशिवतो, एखाद्या बाईला दुसऱ्याच्या घरातला वाकडा फोटो सरळ करावासा वाटतो तसा. दोन दुपारी मी त्या कागदांवर बसले. खोडलं, जोडलं, लांबलचक वाक्यं मोडली. सुरुवात तर पूर्ण नवी लिहिली. पाऊस अनिश्चित असतो, म्हणून तर दिलेले पाणी निश्चित असावे लागते. लिहून झाल्यावर मी ते दोनदा मोठ्यानं वाचून पाहिलं. त्याला तोल होता. कुणाला नाही म्हणता येणार नाही असं वाक्य होतं ते. कुणाला दिलेलं आणि कुणाकडून घेतलेलं, एवढंच त्यात नव्हतं.

माझे वडील असते तर त्यांनी ते पहिल्या वाचनात पकडलं असतं. ते अर्जनवीस होते. निजामाच्या राज्यात उर्दूतून अर्ज लिहून देत. पोलीस ॲक्शननंतर कचेऱ्यांची भाषा बदलली, तेव्हा चाळिशी उलटलेल्या माणसानं नव्यानं मराठी मसुदे शिकले. औरंगपुऱ्यात एका कापडदुकानाच्या ओट्यावर त्यांची लिहायची उतरती पेटी असे आणि शाळेतून येताना मी तिथं थांबे. खेड्यातली माणसं यायची. सरकारला आपल्या बोलीत सांगता येतं, याचं त्यांना इतकं अप्रूप होतं की लिहून झालेला अर्ज ती पुन:पुन्हा वाचून घ्यायची, आणि स्वतःचंच म्हणणं ऐकताना मान डोलवायची. मी मराठीची बाई झाले ती त्या डोलणाऱ्या मानांमुळे. वडील मात्र पेनचं टोपण काढायच्या आधी प्रत्येकाला एक गोष्ट विचारत.

"अर्ज कुणाचा?"

"माझाच की."

"मंजूर झाला तर जाणार कुणाचं?"

यावर बहुतेक लोक सरळ उत्तर देत. एकदा एक फेटेवाला गप्प राहिला. वडिलांनी टोपण पुन्हा लावलं आणि त्याला म्हणाले, "मग घरी जाऊन ठरवा, आणि या." तो परत आला नाही. त्या दिवशी आमच्याकडं भाजी झाली नाही म्हणून आई रागावली होती, तेही मला आठवतं. एवढं सगळं डोळ्यांनी बघून मी मोठी झाले, आणि प्रशांतला ते विचारलं नाही. आंबे मात्र गोड निघाले.

हे कालवा निरीक्षक होते. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती तरी त्यांचं डोकं कालव्यावरच असायचं. ह्यांच्या नोकरीतला एक नियम मला पाठ आहे, पाणी टेलपासून द्यायचं. कालव्याच्या शेवटच्या टोकाला जे शेत आहे त्याला आधी, मग मागं मागं येत मुखाजवळच्याला सगळ्यांत शेवटी. कारण मुखाजवळचा माणूस कसंही करून पाणी घेतोच, टेलच्या माणसाला कुणी राखून ठेवल्याशिवाय मिळत नाही. नियम कागदावर होता. तो पाळायचा म्हणजे रोज सायकलवरून चारीच्या, म्हणजे कालव्यातून शेतांकडं जाणाऱ्या पाटाच्या, शेवटापर्यंत जायचं आणि वाटेतल्या बागायतदारांच्या शिव्या खायच्या. हे जात.

त्या उन्हाळ्यातही अशीच जाहीर सूचना निघाली होती. टंचाईच्या वर्षी उद्योगांच्या पाण्यात कपात होणार नाही, आधी शेतीची पाळी कापली जाईल, असा बदल. ह्यांनी ती सूचना कापून ठेवली आणि सकाळी जेवणाच्या टेबलावर टेलच्या लोकांच्या हरकती लिहायला बसले. सकाळी टेबल ह्यांचं आणि दुपारी माझं. एका टोकाला ह्यांच्या फायली, दुसऱ्या टोकाला प्रशांतचे कागद, मध्ये मिठाची बरणी. आम्ही एकमेकांच्या कागदांत डोकावत नसू. ती आमच्या घरातली सभ्यता होती. आता वाटतं, कसली सभ्यता.

टेलची माणसं सकाळी यायची. त्यांत गयाबाई सगळ्यांत बोलकी. चारीच्या अगदी शेवटाला तिची मोसंबीची बाग होती, नवऱ्याच्या माघारी तिनं वाढवलेली. दर वर्षी पिशवीभर मोसंबी आणायची आणि पायरीवरूनच ओरडायची, "बाई, चाकू काढा, मी बसूनच खाऊ घालणार." त्या वर्षी तिच्या हातात पिशवी नव्हती.

"सायेब, माझ्या हरकतीत लिवा," ती ह्यांना म्हणाली, "झाडाला मीच ताण देते. थंडीत पानी तोडते, तवा कुठं ते फुलतं. पन किती दिस तोडायचं ते मला ठावं हाय. सरकारला ठावं हाय का?"

हे जसंच्या तसं लिहून घेत होते. मी आत पोळ्या लाटत होते. मला वाक्य आवडलं होतं, एवढं आठवतं.

सुनावणी झाली ती एका नव्या सभागृहात. ते सभागृह त्याच कंपनीनं गावाला बांधून दिलं होतं, आणि थंडगार होतं. हे घरी येऊन कितीतरी दिवस तिथल्या नकला करून दाखवत. पुढच्या ओळींत कंपनीचे लोक, मधल्या खुर्चीत टँकरवरचा तो पुढारी, टेलची माणसं भिंतीला टेकून मागं. अधिकारी म्हणाले, ज्यांना बोलायचंय त्यांनी थोडक्यात बोला.

"थोडक्यात कसं बोलू?" गयाबाई उभी राहिली. "झाड काय थोडक्यात वाळत नाय, सायेब. आधी पानं मुडपतं, मग फळ टाकतं, मग वरून वाळत येतं. तीन महिने बघावं लागतं."

पुढारी हसून म्हणाला, "मावशी, पोराचं नाव द्या. कंपनीत लावून टाकू."

"पोरगा हाय की कंपनीत. गेटवर. त्यालाबी घरी आल्यावर मोसंबीच लागती."

सगळे हसले. पुढारीही हसला, अधिकारीही. हरकत तिथंच हसण्यात गेली. नंतर जे इतिवृत्त आलं त्यात लिहिलं होतं, "उपस्थितांनी समाधान व्यक्त केले." हे त्या ओळीवर बोट ठेवून बराच वेळ बसले होते. त्या दिवशी नक्कल केली नाही.

सुनावणीच्या संध्याकाळी हे आणखी एक बोलले होते. "कंपनीनं निवेदन मात्र फार सुरेख दिलंय. साहेबानं मुद्दाम वाचून दाखवलं. पाऊस अनिश्चित असतो म्हणे, म्हणून..." आणि ह्यांना पुढचं आठवेना. मला आठवत होतं. मी ताटं घेत होते. लेखी म्हणणं द्यायला तेव्हा अजून आठ दिवस होते.

मला तेव्हा काही कळलं नाही, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. ते खोटं आहे. मला ताटं घेतानाच कळलं. त्या आठ दिवसांत मी ह्यांना सांगू शकले असते. प्रशांतला फोन करू शकले असते, त्याचा नंबर आंब्याच्या पेटीवर लिहिलेला होता. स्वतः एक पान लिहून देऊ शकले असते की हे निवेदन अर्धं आहे, त्यात पाणी कुणाचं जाणार ते सांगितलेलं नाही, आणि हे मी म्हणते कारण त्याची भाषा माझी आहे. मी काहीच केलं नाही. मला लाज वाटत होती, आणि तिच्याखाली, अगदी तळाशी, मंत्रालयापर्यंत माझं वाक्य गेलं याचा एक बारीकसा आनंदही होता. तो आनंद मी कधी कुणाला सांगितलेला नाही.

पावसाळ्यात शासनाचा निर्णय आला. हे पायरीवर बसून तो मोठ्यानं वाचत होते. प्रस्तावनेपाशी थांबले. म्हणाले, "मराठी किती चांगलं आहे, बघ." मी चहा बघायला आत गेले.

पुढच्या टंचाईच्या वर्षी कालवा उन्हाळाभर कोरडा राहिला. कंपनीच्या कुंपणाआतली हिरवळ रस्त्यावरून दिसायची, फवाऱ्यांखाली साळुंक्या आंघोळ करायच्या. गयाबाईची बाग तिनं सांगितली होती तशीच वाळली, आधी पानं, मग फळं, मग वरून. तिनं झाडं तोडली तेव्हा ह्यांना बोलावलं होतं. हे गेले, आणि एक ओंडका घेऊन आले. तो आमच्या पायरीजवळ पडून असतो, कुंडी ठेवायला.

आता मी चिडते आहे, आणि या वयात चिडायला मला उशीर झाला आहे हेही कळतं. पण कशावर चिडावं हेच मला पूर्वी समजत नव्हतं. लाच म्हटलं की मी टेबलाखालून सरकणारं पाकीट डोळ्यांपुढं आणायची, गॅदरिंगच्या नाटकात दाखवत तसं. इथं टेबलाखाली काहीच नव्हतं. सगळं टेबलावर, लेटरहेडवर, पावतीसकट. कंपनीनं सभागृह दिलं, त्याच्या कोनशिलेवर पुढाऱ्याचं नाव. कंपनीनं पक्षाच्या अधिवेशनाचा मंडप दिला, पक्षाला रीतसर देणगी दिली, पुढाऱ्याच्या संस्थेला रुग्णवाहिका दिली, टँकर दिले. यातलं बेकायदा काय? काहीच नाही. आणि या सगळ्याच्या बदल्यात कंपनीनं काय मागितलं? तेही काही नाही. फक्त आमचं म्हणणं ऐका, एवढंच. ऐकणं विकत मिळतं आणि त्याची पावती फाडावी लागत नाही. गयाबाईला बोलायला तीन मिनिटं मिळाली, कंपनीला पुढाऱ्याची सगळी पाच वर्षं.

नागरिकशास्त्राच्या पुस्तकात याला दबावगट म्हणत. आमच्या कॉलेजात तो धडा शिकवणाऱ्या बाई आजारी पडल्या की मी तास घ्यायची आणि मुलांना सांगायची की दबाव म्हणजे मोर्चा, घोषणा, घेराव. चुकीचं शिकवलं मी. मोर्चा काढतात ते टेलचे लोक. ज्यांचा खरा दबाव असतो त्यांना आवाज चढवावा लागत नाही. ते वाकून नमस्कार करतात, आंबे आणतात, तुमच्या भाषेचं कौतुक करतात. आणि एक दिवस त्यांचा मसुदा हाच कायदा होतो. कायदा मोडला तर पोलिसांत जाता येतं. कायदाच त्यांनी लिहिला तर कुठं जायचं? पाणी चोरलं असतं तर हे चारीवर जाऊन चोर पकडून आले असते, तेवढी धमक होती ह्यांच्यात. पण पाणी चोरलं गेलं नाही. ते सरकारी शिक्क्यानिशी, शुद्ध मराठीत नेलं गेलं.

आणि ज्या मराठीसाठी माझ्या वडिलांनी चाळिशीनंतर नवी लेखणी धरली, खेड्यातल्या माणसाला सरकारशी बोलता यावं म्हणून, त्याच मराठीनं त्या माणसाचं पाणी नेलं. ते मराठी माझ्या हातचं होतं. हा राग कंपनीवर आहे, पुढाऱ्यावर आहे, समाधान व्यक्त केले असं लिहिणाऱ्या त्या अज्ञात हातावर आहे. पण तो फिरून फिरून आमच्या जेवणाच्या टेबलाशी येऊन बसतो.

सूचना वाचली त्याच दिवशी ह्यांची फाइल काढली. ह्यांच्या माघारी ते कपाट उघडायचं मी टाळत होते. फाइल नीट होती. वर टेलच्या लोकांच्या हरकतींच्या प्रती, प्रत्येकीवर कार्यालयाचा आवक शिक्का. हे पोच घेतल्याशिवाय कुठलाही कागद देत नसत. "शिक्का नसेल तर आपण तिथं गेलोच नव्हतो," म्हणत. त्यांच्याखाली तो शासननिर्णय. प्रस्तावनेच्या पहिल्या वाक्याखाली पेन्सिलीची रेघ, आणि समासात ह्यांच्या बारीक अक्षरात दोन शब्द: "वाक्य हिचं."

एवढंच. उद्गारचिन्ह नाही, प्रश्नचिन्ह नाही. तीस-पस्तीस वर्षं माझी पत्रं, माझ्या याद्या, दारावर अडकवलेल्या माझ्या चिठ्ठ्या वाचलेल्या माणसाला ते ओळखायला किती वेळ लागला असेल? पायरीवर ते थांबले, तेवढाच. आणि मी चहा बघायला आत गेले तेव्हा ते पेन्सिल शोधत असतील. नंतर किती उन्हाळे आम्ही एका टेबलावर जेवलो. गयाबाईच्या बागेचा विषय निघाला की हे माझ्याकडं बघत नसत. ते मला वाचवत होते की मी स्वतःहून बोलेन याची वाट बघत होते, हे आता विचारता येत नाही. आठ दिवसांची माझी लाज मी दहा-बारा वर्षं लांबवली, आणि ऐकणारा माणूस निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मी बिडकीनला गेले. तिथून गयाबाईचा धाकटा मला गाडीवर घेऊन गेला. गयाबाई आता वाकली आहे, पण पायरीवरून ओरडायची सवय गेलेली नाही. "बाई, या, या. मी सायेबाच्या दहाव्याला आले, त्याच्यानंतर आता तुमीच आल्या." घरामागं तिनं पुन्हा मोसंबी लावली आहे, अर्धा एकर. बऱ्या पावसाच्या वर्षी उन्हाळी पाळी येते, त्या भरवशावर. झाडं डोक्याएवढी उंच झालीत आणि यंदा पहिल्यांदा धरली आहेत. लिंबाएवढी हिरवी फळं पानांआड होती. तिनं एक फांदी उचलून मला दाखवली, तान्ह्या पोराचं तोंड दाखवावं तशी. पाळी बंद झाली तर हीही जाणार, हे तिला मुलानं वाचून दाखवलं होतं.

मी तिला सगळं सांगितलं. प्रशांत, आंबे, लाल पेन, आठ दिवस. वाक्यही म्हणून दाखवलं. ती खालच्या मानेनं ऐकत होती.

"लई गोड हाय वो वाक्य," ती शेवटी म्हणाली. "मलाबी पटलं ऐकून."

तिनं हातातली फांदी जरा खाली ओढली.

"तवा आमच्यासाठी एक वळ लिवली असती तर, बाई?"

"लिहायला हवी होती."

"व्हय. लिवायला पायजे व्हती." तिनं फांदी सोडली. बराच वेळ ती वाफ्यातलं गवत उपटत राहिली. मी निघाले नाही. मग हात झाडून उठली. "आता कवा द्यायचीय हरकत? माझा अंगठा घेऊन जा. अन् ते ताणाचं परत लिवा. सायेबानं लिवलं व्हतं तसंच. गोड करू नका."

हरकत मी तीन दिवस लिहीत होते. पाच पानं झाली होती, त्यांचं एक केलं. मग ते गयाबाईच्या कागदाबरोबर घेऊन रिक्षानं कार्यालयात गेले. फाटकावरच्या पाटीवर शहराचं नवं नाव चकचकीत रंगवलेलं होतं. आवक खिडकीशी विशीतली एक मुलगी होती. तिनं गयाबाईचा कागद नोंदवला आणि माझा हातात घेऊन थबकली.

"आजी, हरकत कशाला आहे, ते इथं लिहावं लागतं."

"प्रस्तावनेतल्या पहिल्या वाक्याला."

"कारण?"

"ते मी लिहिलंय, आणि ते अर्धं आहे. उरलेलं अर्धं खाली दिलंय."

तिनं खाली वाचलं. मी लिहिलं होतं: सदर वाक्य उद्योगाच्या निवेदनासाठी मी तयार केले. ते तयार करताना हे पाणी कोणाचे जाणार, हे मी विचारले नाही. ते चारीच्या शेवटच्या शेतकऱ्यांचे गेले, आणि आता पुन्हा जाणार आहे. शासनाने कंपनीचे वाक्य स्वतःचे म्हणून छापले आहे. ते काढून टाकावे, व पाळी बंद करू नये. खाली माझं नाव, निवृत्त प्राध्यापिका, पुंडलिकनगर.

मुलगी शेजारच्या टेबलावरच्या माणसाकडं वळली. त्यानं कागद लांबूनच पाहिला, खांदे उडवले. "घेऊन टाक. तीस दिवसांत आलंय ना? फाइलला लाव."

"आजी," ती हळूच म्हणाली, "राग मानू नका, पण याचा काही उपयोग होईल असं वाटतं तुम्हाला?"

"ते नंतर बघू. आधी माझ्या प्रतीवर शिक्का मार."

तिनं शिक्का मारला. पॅड सुकलेलं होतं. तारीख दिसत होती, आवक क्रमांकाचा नुसता डाग उमटला होता. तिनं कागद खिडकीतून पुढं सरकवला आणि रांगेतल्या माझ्या मागच्या माणसाकडं बघितलं.

मी कागद परत आत सरकवला.

"पुन्हा मार," मी म्हटलं. "वाचता आलं पाहिजे."